फायदे, तोटे आणि दिव्याचं बटण

त्या घरात साधी बादली घ्यायची म्हटली तरी आधी फायदे-तोटे निघायचे. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. कशाला किती भार पेलेल हे बघितल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नसे, म्हणून मेव्हणीने त्याचं नाव ‘तराजू’ ठेवलं होतं. ते इतकं चिकटलं की रागावल्या की सासूबाईसुद्धा पोटच्या पोराला तराजूच म्हणायच्या.

तर या तराजूने समुद्रकाठच्या त्या स्वस्तातल्या रिसॉर्टला पहिल्या दिवसापासून नन्नाचा पाढा लावला होता. बायकोने फोनवर फोटो दाखवले. पोहायचा निळाशार पूल, खिडकीभर समुद्र, भाड्यातच नाश्ता. “फायदे मला दिसतायत,” ती म्हणाली, “तोटे काय ते तुम्ही बोला.” तो बोलायला लागला तो थांबेचना. समुद्राकडच्या खोल्यांमागे जनरेटर आहे. गादी मधोमध खचलीय. टॉवेल मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि मागितला तर ओला देतात.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“खाली लोकांनी लिहिलंय ना.”

तिने खाली वाचलं. जेवण बरं आहे आणि माश्या आहेत, एवढंच लोकांनी लिहिलं होतं. पण संसाराला बरीच वर्षं झाली की नवऱ्याचं निम्मं बोलणं बाई कानाआड करते. ही दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलून ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ विचारणारी; घरी आल्यावर तिला कशात फार खोल बघायची हौस नव्हती. लेकीची सुट्टी संपत आली होती, आणि खिशाला झेपेल असं दुसरं काही मिळत नव्हतं. सासूबाईंना नणंदेकडे सोडून तिने सरळ खोली ठरवून टाकली.

पोचल्यावर गाडी थांबते न थांबते तोच नवरा “तू सामान बघ” म्हणत आत पळाला. एरवी हॉटेलच्या वहीत नाव लिहायचं काम तो तिच्याच गळ्यात मारायचा. तिला बरं वाटलं. आतल्या काटकुळ्या मॅनेजरने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि सगळा वेळ छताच्या पंख्याकडे बघून बोलला. बोलणंही ‘या, बसा’च्या पलीकडे गेलं नाही.

पुलाचा फोटो काढणारा बहुतेक जमिनीवर पालथा झोपला असावा. लेक काठावरून आत उतरली तर पाणी गुडघ्याला.

“आई, हा पूल आहे की पाय धुवायची जागा?”

बायकोने कपाळाला हात लावला. समुद्र होता, पण पत्र्याच्या शेडच्या पलीकडे, आणि शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. तराजूचा शब्दन् शब्द खरा निघत होता. आता ‘मी म्हटलं नव्हतं?’ ऐकायची तयारी तिने मनाशी केली. तो काहीच म्हणाला नाही. खरं ठरूनही गप्प बसणारा नवरा तिने आजवर पाहिला नव्हता, स्वतःचा तर नाहीच.

खोलीचं दार उघडलं तर आत अंधारगुडुप. पडदे ओढलेले. ती दाराच्या या बाजूला भिंत चाचपत होती, लेक त्या बाजूला. बटण कुठे सापडेना. तेवढ्यात नवरा दोन्ही पिशव्या घेऊन त्यांच्यामधून आत शिरला. एक पिशवी खाली ठेवली, लाकडी कपाटाच्या मागे हात घातला आणि दिवा लावला. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचा हात भिंतीवर होता तो तिथेच राहिला.

लेक पाय धुवायला न्हाणीघरात गेली. पलंगावर बसून बुटांची नाडी सोडता सोडता तो ओरडला, “निळ्या खुणेचा नळ सोड गं, गरम त्यातून येतं.” मग त्याची बोटं नाडीवर थांबली. त्याने मान वर केली, तिला बघितलं आणि पुन्हा खाली घातली. आतून लेकीचा आवाज आला, “हो की. पण बाबा, तुम्हाला कसं माहीत?”

बायको पलंगावरच्या दोन उशा बघत होती. महिन्यातून एकदा याची बाहेरगावची टूर, लिफ्टच्या देखभालीची. तिथे फोन लागत नाही म्हणायचा. म्हणजे फोन लागत नव्हता तो कामावर नाही, इथे. कोण असेल? दुकानाच्या मालकिणीचा नवरा असाच निघाला होता, तेव्हा हिनेच मालकिणीला डोळे पुसायला रुमाल दिला होता.

“प्यायचं पाणी आणते,” ती म्हणाली, आणि पाय नेतील तिकडे गेली.

पाय स्वयंपाकघरात गेले. तिथे एक थोराड बाई पाटावर बसून बटाटे सोलत होती. आडून आडून विचारायचं हिने ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सरळच. “आमचे हे इथे येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कोण असतं?”

स्वयंपाकीणबाईंनी सुरी थांबवली. “लिफ्टवाल्या भाऊंच्या घरच्या का तुम्ही?”

“हो.”

“कोणी नसतं हो बरोबर. एकटेच येतात, दार लावून घेतात. जेवायला दोनदोनदा हाका माराव्या लागतात. एकदा तर मी घाबरले, म्हटलं माणसाने जिवाचं काही करून घेतलं की काय. दार बडवलं, तर डोळे चोळत बाहेर. म्हणे, झोपलो होतो मावशी.”

“आणि जागे असले की?”

“खुर्ची टाकून बसतात. फोनसुद्धा बघत नाहीत. बरं चाललंय ना घरी?”

हिची रडायची सगळी तयारी झाली होती आणि रडायला कारणच उरलं नव्हतं. बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या, बहिणीला फोन करता आला असता, माहेरी जाऊन बसता आलं असतं. रिकाम्या खोलीचं काय वाकडं करणार?

ती परत आली तेव्हा लेक पुलात दोनचार पोरांबरोबर पाणी उडवत होती आणि तो खोलीबाहेर पायरीशी उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

“टूर कधी बंद झाली?”

कुठली टूर, असं त्याने विचारलं नाही. “दोन वर्षं होत आली. बाहेरगावच्या लिफ्टचं काम कंपनीने तिथल्याच माणसांना दिलं. मला फोन आला तेव्हा मी स्टेशनवर होतो. परत फिरणार होतो अगं. खरंच.”

“मग?”

“मग नाही फिरलो.” त्याने पायरीवरची वाळू पायाने बाजूला सारली. “दिवसभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घंटा दाबतात. घरी आलो की आईचे गुडघे, पोरीची गणितं, तुझं दुकान. वाईट काही नाही त्यात. पण इथे मी कुणालाच लागत नाही. जेवलो नाही तरी चालतं.”

“आमचा कंटाळा येतो?”

“नाही,” तो लगेच म्हणाला. मग सवयीने त्याने ते तोलून पाहिलं. “थोडा येतो.”

खोटं बोलण्याचा तिला इतका धक्का बसला नव्हता जितका या ‘थोडा’चा बसला. तिचा आवाज चढला. “सासूबाईंना मी सांगायचे, बिचाऱ्यांना किती धावपळ. तुमच्या बॅगेत डोकेदुखीच्या गोळ्या घालायचे मी. आणि तुम्ही इथे घोरत होतात.”

“चुकलं माझं. आता नाही जाणार. संपलं ते,” तो म्हणाला. पकडला गेलेला माणूस सुटल्यावर बोलतो तसा मोकळा झाला होता. “यापुढे मी कायम घरीच.”

कायम घरीच. त्याच्या टूरच्या दिवशी ती दुकानातून आली की थेट गाऊन चढवायची. पोरीला आणि सासूबाईंना पाव-अंडी दिली की स्वयंपाक झाला. कुणी काही तोलत नसे. पलंगावर ती आडवीतिडवी पसरून झोपायची, दिवा तसाच चालू ठेवून. मागच्या खेपेला त्याची टूर आठवडाभर पुढे गेली, तर तो आठवडाभर ती लेकीवर उगाच खेकसत होती. आपण का खेकसतोय, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता न विचारताच कळलं, आणि पायरीवर बसून तिने तोंड ओंजळीत धरलं. एवढा वेळ त्याचंच बिंग फुटतंय असं तिला वाटत होतं.

“रडू नकोस ना,” तो म्हणाला. “म्हटलं ना, नाही जाणार.”

गप्प राहणं सोपं होतं. चूक त्याची, राग तिचा, जन्मभर पुरेल एवढं हत्यार आयतं हातात आलं होतं. बोललं तर ते गेलंच.

“पुढच्या महिन्यात कधी जाणार होतात?”

“पंधरवड्यानंतर. पण आता—”

“जा.”

त्याला आधी टोमणा वाटला. तिच्या चेहऱ्यावर टोमणा सापडेना, तेव्हा त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. स्वतःच्या चोरीची कबुली देताना नव्हता उतरला एवढा.

“तू... तू माझ्या जाण्याची वाट बघायचीस?”

“बॅग मी आदल्या दिवशीच का भरून ठेवायचे?” ती म्हणाली.