दोनदा वजा झालेले दहा

बाईंनी सांगितलं, "प्राथमिक शाळेतल्या शेवटच्या वर्षात तुम्ही काय शिकलात, यावर एक पान लिहा. एकच पान." मी हात वर करून विचारलं, "बाई, शिकवलंत वर्षभर आणि लिहायचं एका पानात?" बाई म्हणाल्या, "शहाणे, जेवढं खरंच शिकलीस तेवढंच लिही. अर्ध्या पानातही मावेल." सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. टोमणा चांगला असेल तर मी राग धरत नाही.

पण माझं वर्ष काही एका पानात मावलं नाही. बाईंना मी एक पान दिलं, आणि उरलेलं इथे लिहिते आहे.

आधीच सांगते, मी हुशार आहे. हे मी म्हणत नाही, प्रगतिपुस्तक म्हणतं. या वर्षी मी शेकडेवारी शिकले, अपूर्णांकांची मान मुरगळायला शिकले, आणि नकाशात नदी उलटी वाहत नाही हेही शिकले. गणितात तर मी नाकावर माशी बसू देत नव्हते. फक्त एका गोष्टीवरून माझं आणि बाईंचं वर्षभर वाजलं. ती गोष्ट म्हणजे रीत.

मी उत्तर थेट लिहायचे. मनात झालं ना? मग कागदावर पायऱ्या पायऱ्यांनी कशाला चढायचं? बाई प्रत्येक वेळी लाल शाईत लिहायच्या, 'उत्तर बरोबर. रीत कुठे?' आणि अर्धा गुण कापायच्या. मी बाकावरच्या शेजारणीला म्हणाले, "उत्तर बरोबर आहे ना, मग रीत काय लोणच्यासारखी मुरत घालायची आहे?" बाईंना ते ऐकू गेलं. बाईंना सगळंच ऐकू जातं.

माझे बाबा सुतार आहेत. घराच्या मागे त्यांचं पत्र्याचं छप्पर असलेलं काम करायचं ठिकाण आहे. तिथे रंधा, करवती, डिंकाचे डबे आणि मी, असे सगळे लहानपणापासून एकत्र राहतो. मोजायला बाबांचा एक जुना टेप आहे. त्याच्या टोकाला पत्र्याचा आकडा असतो, तो फळीच्या कडेला अडकवायचा. बाबांच्या टेपचा आकडा ढिला झालाय. ओढला की पुढे येतो, ढकलला की मागे जातो. म्हणून बाबा शून्यापासून मोजतच नाहीत. फळीच्या कडेवर दहाची खूण धरतात, दुसऱ्या टोकाला जे येईल त्यातून दहा वजा करतात. नवा टेप आणा म्हटलं तर म्हणतात, "हा खोटं बोलतो, पण नेहमी एकाच ठिकाणी. मग त्रास काय?" बाबा एका बाजूला दहा धरायचे, मी दुसऱ्या बाजूला आकडा वाचायचे. वजा बाबा मनातल्या मनात करायचे. हे कोणी ठरवलं नव्हतं, ते तसंच चालत आलं होतं.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्गातली मुलं जाताना शाळेला काहीतरी करून देऊन जातात. आमच्या वर्गाने ठरवलं, वाचनाच्या खोलीतलं लोखंडी कपाट पुन्हा उभं करायचं. त्याचा सांगाडा धडधाकट होता, पण पाचही फळ्या वाळवीने खाल्लेल्या. फळ्या फक्त दोन टोकांना लोखंडी पट्ट्यांवर टेकतात, मधे आधार नाही. मी उठून म्हणाले, "फळ्या माझे बाबा करून देतील. घरी लाकूड पडलंय. आणि मापं मी घेईन." मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारात उभे होते. ते म्हणाले, "बरं. बघू या तुझं माप."

बाबा तेव्हा लांबच्या एका बांधकामावर होते. गेलं वर्षभर ते तसेच लांब जातात आणि आठवड्यातून एकदा घरी येतात. मोठ्या सरांनी मात्र त्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. शाळेला दोन नव्या खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांच्यासाठी चाळीस बेंच करायचे आहेत. ते काम मिळालं तर बाबांना सहा महिने घरी, आमच्याच छपराखाली काम होतं. आई काही बोलत नव्हती, पण रोज मागच्या अंगणात जाऊन छपराखाली झाडू मारून ठेवत होती.

तर मी बाबांचा टेप शाळेत नेला. त्यातल्या त्यात धड असलेली एक जुनी फळी जमिनीवर ठेवली, कडेवर दहा धरला आणि वाचलं, एकशे अडतीस. मग मी सुतारासारखा नाही, पहिल्या नंबरासारखा विचार केला. उत्तर पूर्ण हवं, एककासकट हवं. एकशे अडतीसमधून दहा गेले, एकशे अठ्ठावीस. चिठ्ठीवर लिहिलं, 'फळी १२८ सेंमी, नग ५.' खाली रेघ मारली. रीत लिहिली नाही, हे सांगायची गरज नाही.

बाबा सुट्टीच्या दिवशी आले, चिठ्ठी वाचली आणि कामाला लागले. दुपारपर्यंत पाच फळ्या तयार. मी स्वतः त्यांना पॉलिश पेपर घासला. लांब आहे की आखूड, हे फळीकडे बघून कोणाला कळतं? दिसायला तर अशा होत्या की मोहात पडावं.

दुसऱ्या दिवशी, बाबा बांधकामावर परतायच्या आधी, फळ्या आम्ही शाळेत वाजतगाजत नेल्या. सगळा वर्ग, बाई, मोठे सर, सगळे कपाटाभोवती जमले. बाबांनी पहिली फळी उचलली, डावं टोक पट्टीवर ठेवलं, उजवं टोक सोडलं. ते टोक पट्टीपर्यंत पोहोचलंच नाही. फळी तिरकी होऊन धाडकन खाली आली आणि मोठ्या सरांच्या बुटापासून दोन बोटांवर पडली. कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी दुसरी ठेवून बघितली. तीही आखूड. मग त्यांनी टेप काढला, फळी मोजली, सांगाडा मोजला, आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. मलाही.

"माझं चुकलं, सर," बाबा म्हणाले. "दुसऱ्या करून आणतो."

मोठे सर बूट मागे घेत म्हणाले, "मिस्त्री, चाळीस बेंच तुमच्याकडूनच करून घ्यायचं मनात होतं. पण पाच फळ्यांची ही तऱ्हा, तर चाळीस बेंचांचं काय? दुसऱ्या कोणाला विचारून बघतो."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या वेळी सगळ्यांसमोर 'माप माझं होतं' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत उभी राहिले. बाबांनी पाचही फळ्या खांद्यावर घेतल्या आणि ते गेले.

संध्याकाळी मी छपराखाली गेले. बाबा नवं लाकूड निवडत होते.

"तुम्ही 'माझं चुकलं' असं का म्हणालात?"

"करवत कोणाच्या हातात होती?"

"तुमच्या. पण चिठ्ठी माझी होती. मी दहा वजा करूनच लिहिलं होतं."

"आणि मी परत वजा केले. चिठ्ठी वाचून विचारायला माझं तोंड काय शिवलं होतं?" बाबांनी एक फळी डोळ्यासमोर धरून तिचा बाक बघितला. "शाळेत तुझं नाव आहे. ते राहू दे. सुताराचं काय, आज पडलं, उद्या उभं राहील."

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. मी वाचले असं वाटलं. आणि मग मला माझाच इतका राग आला की रात्री जेवताना मी कोणाशी बोलले नाही. आईने विचारलं, "काय गं, मूग गिळलेस का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." दुखत डोकं नव्हतं.

असे तीन दिवस गेले. नव्या फळ्यांसाठी बाबा बांधकामावर परत गेलेच नव्हते. चौथ्या दिवशी बाईंनी ते एक पान लिहायला सांगितलं. मी झोकात सुरुवात केली. शेकडेवारी, अपूर्णांक, नदी. काही विसरायला नको म्हणून वर्षभराची गणिताची वही उघडली, तर पानापानावर लाल शाई. 'रीत कुठे?' 'रीत कुठे?' मी ते वर्षभर वाचलं होतं आणि चिडले होते. मला वाटायचं, बाईंना माझ्यावर विश्वास नाही, मी कोणाचं बघून लिहिते असं त्यांना वाटतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की रीत स्वतःसाठी लिहायचीच नसते. आपल्यानंतर तो आकडा ज्याच्या हातात जाणार, त्याच्यासाठी लिहायची असते. चिठ्ठीवर '१३८ वजा १०' एवढंच लिहिलं असतं, तर जगातल्या कुठल्याही सुताराने त्यातून परत दहा काढले नसते.

मी पान अर्धवट ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "बाई, मला मोठ्या सरांकडे जायचंय."

"कशाला?"

"अर्धा गुण परत आणायला."

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "जा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी बाबा नव्या फळ्या घेऊन येणार होते. त्याआधी सरांना खरं सांगायचं म्हणून मी सकाळी टेप दप्तरात टाकून आणला होता, पण तोपर्यंत धीर होत नव्हता. मी थेट मोठ्या सरांच्या खोलीत शिरले. गणित समजावून सांगायचं असलं की मला कोणाची भीती वाटत नाही.

"सर, तुमचं टेबल मोजू?" मी विचारलं. सर काही म्हणायच्या आत मी आकडा अडकवून एकदा ओढून मोजलं, एकदा ढकलून मोजलं. दोन्ही वेळा वेगळी लांबी आली. मग कडेवर दहा धरून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तीच आली. नंतर त्यांच्याच कागदावर सगळं लिहिलं, एक पायरी न गाळता. मी किती वाचलं, मी किती वजा केले, बाबांनी किती वजा केले, फळी किती उरली.

सरांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे चूक तुझी?"

"अर्धी माझी, सर. अर्धी बाबांची, कारण त्यांनी विचारलं नाही. पण माझी अर्धी मोठी आहे."

"गणितात पहिली ना तू? अर्धी मोठी कशी असेल?"

"चुकीत असते, सर," मी म्हणाले. "आणि मी तीन दिवस गप्प बसले, ती चूक पूर्ण माझी."

सर माझ्या मागे बघत होते. दारात बाबा उभे होते. खांद्यावर फळ्या, कपाळाला आठ्या.

"तुला कोणी सांगितलं होतं हे सगळं?" बाबा म्हणाले.

"कोणीच नाही. म्हणून तर तीन दिवस लागले."

बाबांना राग आला होता, पण त्यांना तो धड धरून ठेवताही येत नव्हता. सर उठले. आम्ही तिघं वाचनाच्या खोलीत गेलो. बाबांनी पहिली फळी ठेवली. डावं टोक बसलं, उजवं टोक बसलं. सरांनी हाताने दाबून बघितली. मग दुसरी, तिसरी, थेट पाचवीपर्यंत. एकही जागची हलली नाही.

"मिस्त्री," सर म्हणाले, "बेंच तुम्हीच करा. फक्त या वेळी खोल्यांची मापं तुम्ही स्वतः घ्या."

मला वाटलं, झालं, आता बाबा हो म्हणतील आणि आम्ही घरी जाऊ. मला तेवढंच हवं होतं. आई झाडू मारते ते छप्पर, त्याखाली सहा महिने बाबा.

"नाही, सर," बाबा म्हणाले. "मापं हीच घेईल. हिच्या चिठ्ठीवर मी डोळे झाकून कापीन."

वर्षभर कोणी शाबासकी दिली की मी 'माहितीये' म्हणायचे. त्या वेळी मी मोठ्या सरांसमोर, भर शाळेत, नाक वाहेपर्यंत रडले. बाबांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मी बाहीने तोंड पुसलं.

"पण आधी ठरवा, बाबा," मी म्हणाले. "वजा कोण करणार?"

"तू कर," बाबा म्हणाले. "मी विचारीन."