डावीकडचा पाइप

काल्याचं कीर्तन अकराला होतं, आणि साडेआठ वाजले तरी विनायकराव उमाठे गाडीखाली पाठीवर पडून होते.

गाडी म्हणजे तरी काय! भिलाईच्या एका हौशी इंजिनिअरनं सुटी सुटी मागवलेली, अर्धीमुर्धी जोडलेली आणि बदली झाल्यावर टाकून दिलेली. फायबरचं लांबोडकं लाल अंग, वर छत नाही, बसायला जागा दोनच. विनायकराव रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात ती बुढापारा मोहल्ल्यातल्या आपल्या अंगणात येऊन पडली. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तलावाच्या रस्त्यानं लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या. ही बिचारी चार वर्षं पत्र्याखाली आपले हातपाय गोळा करत बसली होती.

सुरुवातीला ती नुसती हौस होती. पण चौदा महिन्यांपूर्वी गोदावरीबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि स्कूटरच्या मागं बसणं संपलं. स्कूटर सुटली तसं कीर्तनही सुटलं. तीस वर्षं दोघं जोडीनं चौबे कॉलनीतल्या मंडळात जायची. बुवा कुठं आवाज चढवणार, कुठं हसवून मग डोळ्यांत पाणी आणणार, हे बाईंना आधीच कळायचं, आणि तरी पाणी यायचंच. त्या माऊलीची दुसरी कसली मागणी नव्हती.

"तुले मी गाडीतच नेईन, गोदा," विनायकराव म्हणाले होते. शेजारी कुणी ऑटो बोलावतो म्हणालं, की हेच आडवे यायचे. "ऑटोत हाडं खिळखिळी होतात जी! आमची गाडी होऊनच राहिली आता."

यंदा सात दिवसांचं कीर्तन लागलं. पहिल्या दिवशी रेडिएटर गळला, तिसऱ्या दिवशी क्लचची केबल तुटली. सहा कीर्तनं गेली. रोज संध्याकाळी बाई तयार होऊन खुर्चीत बसत आणि दिवेलागणीला उठून साडी बदलत. तक्रार नाही. विनायकरावांना त्या न बोलण्याचाच शीण जास्त झाला होता.

आज फक्त पाइप राहिले होते. मासिकातल्या चित्रात अशा गाडीला दोन्ही दारांखालून चकचकीत पाइप जायचे, धूर बाजूनंच निघायचा. चार वर्षं तेच चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. खरं म्हणजे या इंजिनाचा धूर एकट्या डाव्या बाजूनं निघत होता. उजवीकडचा पाइप पोकळ, शोभेचा. पण शोभा काय कमी महत्त्वाची?

वेल्डिंगसाठी अभनपूरहून नत्थू आला होता, आपली तीनचाकी मालगाडी घेऊन. तो मशीन उतरवायला लागला, तसं विनायकरावांनी थांबवलं.

"आधी कच्चं लावू."

कारखान्यातली ही त्यांची जुनी शिस्त. कोणतीही वस्तू आधी तारेनं टांगायची, खाली विटा द्यायच्या, वापरून पाहायची, आणि मगच पक्की करायची. दोघांनी मिळून पाइप टांगले. विनायकराव तीनदा आत बसले, तीनदा उतरले. उजवीकडून. पाय कुठं अडला नाही. मग इंजिन सुरू केलं. गाडी अशी काही गुरगुरली, की गल्लीतली दोन कुत्री उठून चालती झाली.

"राजा दिख रही है बाबूजी," नत्थू म्हणाला.

"पासिंगचं काय?" ओट्यावरून बाईंनी विचारलं. "शिपायानं धरलं तर मले टाकून पळान तुम्ही."

"रविवारी कोण धरते? ये, बसून पाह्य एकदा. मग नत्थू जोडून टाकते."

बाई काठी टेकत आल्या. मोतिया रंगाची कोसा रेशमाची साडी नेसल्या होत्या. सीट खोल म्हणून विनायकरावांनी तिच्याखाली दोन पाट घातले होते, वर उशी; हे सगळं त्यांनी महिनाभर आधी योजलं होतं. त्यांनी डावं दार उघडलं. बाईंनी पाय उचलला. वीतभर उचलला गेला, पुढं नाही. पाइप त्याच्या वर होता.

"थोडासा अजून."

"उचलूनच राहिली ना!"

त्यांनी दाराला धरून पुन्हा जोर केला. पदर सावरताना निऱ्या तापलेल्या पाइपाला लागल्या. केस जळल्यासारखा वास आला. बाई मागं सरकल्या, खाली पाहिलं, आणि रुपयाएवढं काळं भोक त्यांनी गुपचूप निरीत दाबून टाकलं.

विनायकरावांनी ते पाहिलं. इंजिन बंद केलं.

"काढतो," ते म्हणाले. "नत्थू, तारा काप. मागून घेऊ पाइप. दोन तास लागतील फार तर."

"हव बाबूजी, पर दो में नहीं होगा. साइलेंसर भी बदलेगा. शाम तक पकड़ो."

विनायकराव विटेवर बसले. कंबर, खांदे, मनगटं, सगळं एकदमच दुखायला लागलं. चार वर्षं आपण उजवीकडूनच चढत-उतरत आलो. जिच्यासाठी म्हणत होतो, तिला आज पहिल्यांदा दाराशी आणलं.

"काहून बसले?" बाई म्हणाल्या.

"शेवटचा दिवस होता."

"होता काय? अजून दहा नाही वाजले." मग त्या नत्थूकडे वळल्या. "काहो भैया, तुमच्या गाडीत खुर्ची मावते का?"

नत्थूनं आधी बाबूजींकडे पाहिलं, मग हसला. "दो मावती है काकीजी."

"गोदा, मालाच्या गाडीत? लोकं काय म्हणतील?"

"चौदा महिने लोकं इचारून राहिले, गोदावरीबाई काहून येत नाही. त्याईले आता उत्तर भेटन." मग त्या हळूच म्हणाल्या, "मले ऑटो चालला असता जी. तुम्ही इतकं करून राहिले होते, म्हणून बोलली नाही."

विनायकराव उठले, आणि खुर्चीची एक बाजू त्यांनी धरली. दुसरी नत्थूनं. बाईंना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. विनायकराव शेजारी फळीवर बसले, खुर्चीचे दोन पाय घट्ट धरून, आणि नत्थूनं गाडी इतकी हळू हाकली की सायकलवालेही पुढं निघून गेले.

मंडपात बुवांचं निरूपण रंगात आलं होतं. यमुनेकाठी सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडतात, आणि एक गोपाळ आपली लपवतो. उद्या आई लाडू देणार आहे, उद्या आणीन म्हणतो. देव हसून म्हणतो, अरे, मला आज भूक लागली आहे! मृदंग घुमला. बाईंचे डोळे बुवांच्या आधीच भरून आले. विनायकराव त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले होते. त्यांनी मान खाली घातली, आणि मग चार वर्षांचा थकवा असा काही दाटून आला की ते खांबाला टेकून तिथंच झोपले.

जागे झाले तेव्हा काला वाटून होत होता. बाईंच्या हातात द्रोण होता. विनायकरावांनी हात पुढं केला. हात तेलानं काळाकुट्ट.

"तोंड उघडा," बाई म्हणाल्या.

"इथं? सगळे पाहून राहिले."

"पाहू द्या."

त्यांनी तोंड उघडलं. दह्यापोह्याचा घास गिळून ते म्हणाले, "उद्या पाइप मागून काढतो."

"काढा. मी बसून पाहिल्याबिगर जोडू नका फक्त." बाईंनी दुसरा घास उचलला. "अन् एकादशीले ऑटो सांगून ठेवा."