मला धुतलं त्या दिवसापासून

मी एक दगड बोलतोय, खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतला. आवाज दबका वाटेल, पण सांगायचंय तेच खालमानेनं सांगण्यासारखं आहे.

जन्म समुद्रातला. पोवळ्यांच्या सांगाड्यांचा बनलो, म्हणून अंगभर भोकं. त्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहायचे. माशाची घाण पाण्यात कुजली की तिचं विष होतं. ते विष हे जिवाणू खाऊन टाकायचे. पेटीला वेगळी गाळणी नव्हतीच. पाणी खेळतं ठेवणारा पंप, तळाची जाड वाळू, कोपऱ्यातलं शेवाळ आणि मी, एवढ्यावर भागायचं. दिसायला मात्र मी ओंगळ, तपकिरी-जांभळा, केसाळ. पाहुणे यायचे ते रावसाहेबांना बघायला. रावसाहेब म्हणजे पोट पुढे काढून फिरणारा नारिंगी पट्टेरी मासा. मला बघून सगळे नाक मुरडायचे.

पेटी घरातल्या लेकीची. आठ वर्षं तिनं ती जपली. शिकायला बाहेर निघाली तेव्हा वडिलांना बजावून गेली, “बाबा, दगडाला हात लावायचा नाही. घाण दिसला तरी.”

वडिलांचं चष्म्याचं दुकान. माणूस काटेकोर. रोज सकाळी पाण्याचा खारेपणा मोजून वहीत टिपायचे, आटलं असेल तेवढंच पाणी मापानं घालायचे. पण सगळी हयात काचा पुसण्यात गेलेली. समोरच्याच्या चष्म्यावर बोटाचा ठसा दिसला की यांचा घास अडायचा. बायको म्हणायची, यांच्यासमोर जेवायला बसायचं तर आधी स्वतःलाच पुसून घ्यावं लागतं.

वर्षभरानं लेक घरी यायची होती. चार दिवस आधी ते पेटीपुढे बराच वेळ उभे राहिले. पोरीला वाटायला नको की बापानं लक्ष दिलं नाही, असं काहीतरी पुटपुटले. बायकोनं आठवण करून दिली तर म्हणाले, नुसतं वरवर पुसतो.

वरवर कसलं! मोरीत नळाखाली धरून जुन्या टूथब्रशानं दोन तास घासलं मला. नळाच्या पाण्यातल्या औषधानं माझी सगळी वस्ती मेली. आणि खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटत होतं. “अगं बाई, हा तर संगमरवर निघाला,” असं बायको म्हणाली आणि मी फुगलो. तीच लाज अजून पुसली जात नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्याला वास सुटला. माझ्या पोटात मेलेलं सगळं कुजत होतं. विष खाणारं कुणी उरलं नव्हतं, उलट मीच ते सोडत होतो. रावसाहेब वर येऊन तोंड उघडत-मिटत होते.

लेक आली ती खांद्यावरची बॅग न उतरवताच काचेशी वाकली.

“बाबा, दगड धुतलात?”

“नाही गं. पंप बिघडला असेल.”

पंप तिच्यासमोर मजेत चालला होता. तिनं बाह्या वर सारल्या. मला बादलीत काढलं, निम्मं पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारी रावसाहेब गेले.

संध्याकाळी वडिलांनी वही आणून उघडी तिच्यापुढे ठेवली. त्या तारखेला सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘दगड धुतला. दोन तास. छान निघाला.’

“तोंडानं खोटं बोललो. इथं नाही लिहिता आलं,” एवढंच म्हणाले आणि स्वच्छ असलेला चष्मा काढून पुसत बसले. पोरीनं ते फडकं हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं.

पुढे तिनं मला परत पेटीत ठेवलं आणि मैत्रिणीच्या पेटीतला मुठीएवढा मळका दगड आणून माझ्या शेजारी ठेवला. त्याच्यातले जिवाणू हळूहळू माझ्यात राहायला येताहेत. मासा अजून आणलेला नाही.

काल वडिलांना माझ्या डाव्या अंगाला पहिला तपकिरी डाग दिसला. हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला, तो रिकामाच बाहेर आला. मग त्यांनी वहीत लिहिलं: ‘डाग आला. हात लावला नाही.’

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर मला बघून खुशाल नाक मुरडा. फक्त सुंदर म्हणू नका. मी एकदा सुंदर झालो होतो.