आधी मला कानात घाला

मी एक कानाचं मशीन बोलतोय. हसू नका. माझा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेला, आज जरा माझंही ऐका.

कारखान्यात माझी भावंडं ओळीनं ट्रेमध्ये निजलेली असायची. आकारानं मी शेंगेएवढा, पण तोरा विचारू नका. दुकानातल्या बाईंनी मला पहिल्यांदा आप्पांच्या कानामागे अडकवलं, तेव्हा आप्पा दचकून म्हणाले, "ही बाई एवढी ओरडते कशाला?" त्या बिचाऱ्या हळू आवाजात किंमत सांगत होत्या.

आप्पांची सगळी हयात छापखान्यात गेली. तिथली यंत्रं अशी धडधडायची, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळायचं नाही. त्या आवाजानं त्यांचे कान कामातून गेले. बायको कधीच वारली, मूलबाळ नाही, आणि स्वभाव असा की पाहुणा चहा संपायच्या आत उठावा. कुणी शहाणपण शिकवायला आलं, की आप्पा कान खाजवल्यासारखं करून माझं बटण बंद करायचे आणि मान डोलवत राहायचे. विमा विकणारा माणूस तर जाताना म्हणाला, "तुमच्याइतकं मन लावून कुणी ऐकत नाही हो!" मला आतल्या आत हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

आप्पांची बोटं थरथरतात, म्हणून माझा सेल बदलायचं काम तळमजल्यावरच्या ताईकडे. पँट आखूड कर, चेन बदल, काजं कर, हा तिचा धंदा. संध्याकाळी शिलाईच्या मशीनवर कापड टाकून ती वर यायची, मला पुसायची, नवा सेल घालायची. तो बटणाएवढा सेल असतो ना, त्याचा कागद काढल्यावर त्याला मिनिटभर हवा लागू द्यावी लागते. या मिनिटानंच सगळा घोळ केला.

ताई दर रविवारी चर्चला जाते आणि खांबाआडच्या बाकावर बसते. कारण काय, तर पुढे बोलावलं तर? पण एका रविवारी पाळकसाहेबांनी खांबाआडच्यांनाही सोडलं नाही. म्हणाले, "प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं, हे सांगायचं काम माझ्या एकट्याचं नाही. प्रत्येकानं एका तरी माणसाला सांगा." ताईला घाम फुटला. सांगायचं कुणाला? गिऱ्हाईक तुटेल, भाऊ हसेल. आणि मग तिला युक्ती सुचली. आप्पा! अर्थात मी त्यांच्या कानात नसताना!

झालं! त्या दिवसापासून मिनिटाची पाच मिनिटं झाली. मी केव्हाच जागा झालेलो असायचो, पण ही मला मुठीत धरून आप्पांना खुणेनं सांगायची, "हवा लागतेय अजून." आणि मग बोलायला लागायची. आता बंद मुठीत ठेवलं की आम्ही शिट्टी वाजवतो, ती आमची जातच. तिनं "प्रभू येशूनं माझ्यासाठी..." म्हणायचा अवकाश, की मी कुईं! ती दचकायची. मला काय मजा यायची!

पण गोष्ट चांगली होती हो तिची. नवरा अचानक गेला, तेव्हा तिनं देवाशी अबोला धरला होता. एकदा घराची किल्ली हरवली आणि ती जिन्यात बसून रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "प्रभू, तू असशील तर ये आणि बस माझ्याजवळ." "आणि बसला," ताई सांगायची. "किल्ली सापडली नाही, नवरा परत आला नाही. पण मी एकटी नव्हते." इथं मात्र मी शिट्टी आवरायचो.

आप्पा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मी परत हवा असेन.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी "कुणी कुणी सांगितलं?" असं विचारलं, तेव्हा तिनं चर्चमध्ये हातही वर केला. घरी आल्यावर मलाच विचारते, "खोटं नव्हतं ना रे ते?" मी काय बोलणार? कुईं!

आणि मग आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी ताई आली, तिनं सेल बदलला आणि मूठ वळली नाही. सरळ मला आप्पांच्या कानात घातलं. आप्पांनी तिलाही विमेवाल्याच्या रांगेत बसवलं, तर एवढ्या वर्षांचा शेजार तिथंच संपणार होता. मला तर धडकी भरली, कारण बटणावर बोट आप्पांचं असतं.

"आप्पा, मला तुम्हाला... म्हणजे प्रभूनं..." ताई अडखळली. "मी जिन्यात... किल्ली..." आणि गप्पच झाली. पाठ केलेलं सगळं उडालं.

आप्पा शांतपणे म्हणाले, "मग तू म्हणालीस, बस माझ्याजवळ."

ताईनं आ वासला.

"अगं, छापखान्यात आम्ही दिवसभर ओठांवरूनच बोलायचो. किल्लीची गोष्ट मला तोंडपाठ आहे."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू सांगायची थांबली असतीस." आप्पांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "उद्या आत कुणाला येऊ देत नाहीत म्हणे. मला भीती वाटते गं. तुझा तो प्रभू माझ्याजवळ बसेल का, विचार ना. आणि मोठ्यानं विचार, मला ऐकायचंय."

ताईनं आप्पांचा हात धरून प्रार्थना केली. मी एकेक शब्द आत पोचवला. बटणाकडे बोट गेलं नाही.

सध्या माझा मुक्काम ताईच्या बटणांच्या डबीत, हॉस्पिटलच्या बाकावर आहे. आप्पा आत आहेत. शेजारच्या बाकावर कुणी बाई तोंडाला पदर लावून रडतेय. मघाशी ताईनं डबी उघडून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता पुन्हा मलाच ऐकवणार! पण तिनं झाकण लावलं, उठली, आणि मला ऐकू आलं, "अहो, मी जरा तुमच्याजवळ बसू?"

माझी नोकरी गेली म्हणायची! पण खरं सांगू? बरं वाटलं. तुमच्याकडेही कुणाला सांगण्याजोगं काही असेल, तर मुठीशी बोलत बसू नका. माणूस समोरच असतो, आणि कधी कधी तो वाटच बघत असतो.

थांबा, नर्स आली वाटतं. "आप्पांचं कोण आहे? शुद्धीवर आलेत ते. कानाचं मशीन मागतायत. म्हणतात, चष्मा काढून घेतलाय, ओठ दिसत नाहीत, आणि ती बाहेर माझ्याशिवाय दुसऱ्याच कुणाला तरी सांगत बसली असेल!"