विसाव्या दिवसाचं पाणी

केंदूरच्या तुळजाबाईंनी आयुष्यात काय कमी कोंबड्या बसवल्या? पण या खेपेला कबरी खुडूक होऊन अंडी उबवायला तयार झाली, तेव्हा टोपलीत भुसा पसरताना त्यांनी देवाला हात जोडले. कबरी म्हणजे त्यांच्या स्नेहलची कोंबडी. खुटबावला दिलेली ही एकुलती लेक दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली. तिचे दिवस घातले आणि सासरच्यांनी कबरीला पिशवीत घालून इकडं पोचवलं. लेकीच्या घरून आलं ते तेवढंच. आता कबरीही म्हातारी झाली होती, पुन्हा अंड्यांवर बसेल असं काही वाटत नव्हतं. म्हणून ही सात अंडी फुटायलाच हवी होती.

तुळजाबाईंनी डोळ्यांत तेल घालून टोपली राखली. मांजर हाकललं, शेजारणीला डोकावूसुद्धा दिलं नाही. नवरा सोपानराव चिडवायचे, "तूच बस की टोपलीत. कबरीला जरा सुट्टी मिळंल."

"बसले आस्ते, पर माजं वजन पेलंल का त्यास्नी?"

विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडून बघायची, ही त्यांच्या सासूची रीत. आत पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यावर आपोआप हलतं. पाण्याचा अंदाज बोटांनी घ्यायचा, आणि त्यात तुळजाबाईंचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण वर्षभरात साखरेच्या दुखण्यानं त्यांची बोटं बधिर झाली होती. तापल्या तव्यानं फोड आला तरी कळलं नव्हतं. शिरूरच्या डॉक्टरांनी जपायला बजावलं होतं. चाळीस वर्षांची सवय मात्र डॉक्टरांचं कुठं ऐकते? त्यांनी घमेल्यात बोटं बुडवली. पाणी गारच वाटलं. त्यांनी चुलीवरचं आणखी दोन तांबे ओतलं.

अंडी पाण्यात सुटली आणि हलू लागली. एक, दोन, सातही!

"अवं, या की लवकर! समदी जित्ती हायती. कशी नाचत्यात बघा!" स्नेहल गेल्यापासून त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आनंदानं त्यांना रडू फुटलं.

सोपानराव गोठ्यातून येईपर्यंत अंडी थांबली होती.

"दमली आस्तील," त्या म्हणाल्या. "काढा आता, कबरी वाट बघतीया."

सोपानरावांनी पाण्यात हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. मग तोच हात पुन्हा पाण्यात घालून त्यांनी एकेक करत सातही अंडी काढली, पुसली आणि कबरीखाली सरकवली.

"पानी जास्त तापलं व्हतं का वो?"

"न्हाई गं. कोमटच हाय."

तुळजाबाईंनी त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला. मनगटापर्यंत लालबुंद झाला होता. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली. हात किती पोळलाय, तेसुद्धा त्यांच्या बोटांना कळेना. टोपलीत कबरी पंख पसरून, अंडी पोटाखाली ओढून, पुन्हा उबवायला बसली होती.