तेविसावा खेळाडू

शिट्टी तोंडात घालण्याआधी मी माणसं मोजतो. अकरा इकडे, अकरा तिकडे. ही जुन्या पंचांची सवय. कुणी चुकून बारा उतरवले आणि खेळ सुरू झाला, की निस्तरायला पंचच. गेली एकवीस वर्षं माझ्या मोजणीत तेवीस भरतात. पुन्हा मोजतो, तेवीसच. मग मुकाट्याने शिट्टी फुंकतो, कारण तेविसावा माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही हे मला कळून चुकलं आहे.

पोटापाण्यासाठी मी वजनमापं तपासायच्या खात्यात होतो. दुकानदाराचा काटा गुंजभर खोटा निघाला तरी सोडायचो नाही. रविवारी तोच खाक्या मैदानावर. खेळाडूंनी माझं नाव ‘दगड’ ठेवलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडून ‘चुकलो’ ऐकायला मला पुढचा जन्म घ्यावा लागणार."

ज्याच्याबद्दल सांगतोय तो निळ्या संघाचा नऊ नंबर. पाठीवरचा नऊ किंचित कललेला, कारण शर्ट त्याच्या वडिलांनी शिवला होता. वडील शिंपी, पण मुलगा पहिल्यांदा खेळणार म्हणून हात थरथरला असणार. एकाहत्तराव्या मिनिटाला हा गडी चेंडू घेऊन पेनल्टीच्या चौकटीत शिरला आणि आडवा झाला. सगळ्यात जवळचा बचावपटू दोन हात लांब होता. या संघाने त्या मोसमात अशाच लोळण घेऊन तीन पेनल्ट्या लाटल्या होत्या, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. शिट्टी मारली, पळत गेलो, पिवळं कार्ड त्याच्या डोक्यावर धरलं आणि म्हणालो, "ऊठ. नाटक पुरे."

तोंड गवतात होतं. त्याने एक हात जमिनीपासून वीतभर उचलला. मला वाटलं, अजून वाद घालतोय. मी वहीत लिहिलं: नऊ, एकाहत्तर, नाटक. मान वर केली तेव्हा हात खाली पडला होता.

डॉक्टर धावले, स्ट्रेचर आलं, आणि दोन्ही संघ त्याच्यामागोमाग फाटकातून बाहेर गेले. मीही गेलो. दवाखाना यायच्या आत त्याचं हृदय बंद पडलं. हातातलं वेळ मोजायचं घड्याळ मी सवयीने थांबवलं होतं, ते एकाहत्तरवरच राहिलं. ते पुन्हा कधी वापरलं नाही, पण खिशातून काढलंही नाही. अहवालात मी सगळं जसंच्या तसं लिहिलं, कार्डासकट.

पंधरवड्याने शिंपीकाका घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पंचसाहेब, बाकी काही नको. तो एक शब्द तेवढा काढा. दप्तरात माझ्या पोराच्या नावापुढे शेवटचं तेच राहिलंय."

"सामना संपल्यावर निर्णय बदलत नाही, काका. नियम आहे."

त्यांनी नियमाचं पुस्तक मागितलं नाही. नुसती मान हलवली आणि गेले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण दगड म्हणवून घ्यायची चटक लागलेली.

पुढच्याच रविवारी, दुसऱ्याच मैदानावर, मोजणीत तेवीस भरले.

तो खेळत नसे. उभा असे, कललेला नऊ माझ्याकडे करून. पहिल्या वर्षी गोलपोस्टजवळ, मग दर वर्षी दोन-चार पावलं अलीकडे. धावणारे खेळाडू तिथे आले की जरासे वळून जात, आणि आपण का वळलो ते त्यांनाही कळत नसे. दव पडलेल्या गवतावर बावीस जणांच्या बुटांचे ठसे उमटत, त्याचे नाहीत. एकाहत्तराव्या मिनिटाला तो पालथा पडायचा. हात वीतभर वर. मी खेळ चालू ठेवायचो. रिकाम्या गवतासाठी खेळ थांबवणाऱ्या पंचाला लोक वेड्यात काढतील, हे मी स्वतःला सांगायचो. खरी भीती वेगळीच होती. कधीतरी तो मान वळवेल आणि मला त्याचं तोंड बघावं लागेल.

वयाची अट आली आणि शेवटचा सामना ठरला. कपडे बदलायच्या खोलीत मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. माझी लाइन सांभाळणारी व्यायामशिक्षिका पंचाच्या परीक्षेला बसणार होती, ती पुस्तक मांडीवर घेऊन प्रश्न विचारत होती.

"सर, पंचाला निर्णय कुठवर बदलता येतो?"

"खेळ पुन्हा सुरू झाला नसेल आणि पंचाने सामना संपवला नसेल, तोवर."

"आणि सामना मध्येच बंद पडला तर?"

"नुसता पडून चालत नाही. पंचाने शिट्टी देऊन बंद करावा लागतो. नाहीतर तो चालूच."

नाडी माझ्या हातात तशीच राहिली. त्या दिवशी मी सामना संपवायची शिट्टी दिलीच नव्हती. स्ट्रेचरमागे सगळे निघून गेले, फ्री किक कुणी मारली नाही, सामना कुणी संपवला नाही. शिंपीकाकांना मी सांगितला तो नियम खोटा होता. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासले आणि स्वतः काटा मारला, तोही पोर गमावलेल्या बापाला. मला स्वतःची शरम वाटली.

मैदानात उतरलो. तेवीस. तो आता माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि अंगाला गार हवा लागत होती, भर दुपारच्या उन्हात. मी जिथे धावेन तिथे तो आधीच पोचलेला असायचा. एकाहत्तराव्या मिनिटाला तो माझ्या पायांशी पडला.

मी शिट्टी मारली. सगळे थांबले. गुडघ्यावर बसून मी त्या गवताला म्हणालो, "चुकलो." मग उठून पिवळं कार्ड वर धरलं आणि दुसऱ्या हाताने नाही-नाहीची खूण केली, कार्ड मागे घेतल्याची. प्रेक्षकांत हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, म्हातारा उन्हात कामातून गेला.

तो उठला. गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि तसाच उभा राहिला. कशाची वाट बघतोय ते मला क्षणभर उमगेना. मग आठवलं, पंचाने सोडल्याशिवाय खेळाडूला मैदान सोडता येत नाही. मी हाताने बाहेरची वाट दाखवली. तो सावकाश चालत फाटकातून गेला. तोंड शेवटपर्यंत दाखवलं नाही.

शिक्षिका झेंडा घेऊन धावत आली. "सर, बरं वाटतंय ना?"

"आता वाटतंय," मी म्हणालो आणि खेळ सुरू केला. उरलेला सामना बावीस जणांचा झाला.

कपडेही न बदलता मी शिंपीकाकांच्या घरी गेलो. दाराशी बूट काढलेले होते, जुन्या धाटणीचे, तळाला ताजं गवत चिकटलेलं. शिलाईचं मशीन बंद होतं. काका बाहेर आले. सत्तरी उलटलेली, गळ्यात टेप. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. जेवतोय."

"काका, मी ते कार्ड…"

"सांगितलं त्याने."

माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. एकवीस वर्षांपूर्वीचा तो सामना अजून चालू होता आणि तो संपवणं माझं काम होतं. एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. सुईने टोचून टोचून राठ झालेली बोटं, पण पकड घट्ट.

"तुमचे नियम तुम्हाला ठाऊक, साहेब. पण वाया गेलेला वेळ शेवटी भरून देता ना तुम्ही?"

"देतो."

"मग द्या."

मी खिशातून जुनं घड्याळ काढलं. नव्वदला एकोणीस मिनिटं बाकी होती. त्यापुढे किती, ते पंचाने ठरवायचं असतं. मी बटण दाबलं आणि काटा चालू लागला. मग आयुष्यात कुणाच्या हाती न दिलेली शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या हातात ठेवली.

"तुम्हाला वाटेल तेव्हा वाजवा," मी म्हणालो.

आतून ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला. काकांनी शिट्टी मुठीत धरली आणि दार लावून घेतलं.