घट बसल्यावर काढू पॉलिसी

मनोजनं अकोल्याच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि मूर्तिजापूरला बापाच्या वावरात झेंडू लावला. त्याच्या बायकोला, वर्षालीला, फुलांची चिंता नव्हती. फुलं काय, येतील नाहीतर सडतील. पण कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच गेला होता, आणि उद्या माणूस पडला तर?

तिनं ओळखीतल्या विमा एजंटला, स्वप्निलला, घरी बोलावलं. त्यानं सगळं फोडून सांगितलं. "वहिनी, पॉलिसी धडधाकट असतानाच काढायची. जुनी बिमारी असली तर लपवायची नाही. अन् सही झाली म्हणून लगेच सारं मिळत नाही. पहिले तीस दिवस फक्त अपघात धरतात, आजार धरत नाहीत. म्हणून म्हणतो, आजच करून टाका."

मोबाइलवर सगळं भरून झालं. पैसे पाठवायचे तेवढे राहिले, तेवढ्यात सासूबाई, गंगूबाई, आतून कडाडल्या. "पितरं चालू हायेत अन् तू नवऱ्याच्या बिमारीचे कागद करून राहिली? काही भलंबुरं समजते का तुले? घट बसू दे, मंग कर काय करायचं ते."

"पण आत्याबाई, पंधरा दिवस..."

"तेच म्हणतो मी. पंधरा दिवसानं काय होते?" सासूबाई म्हणाल्या.

मनोज हसला. "राहू दे वं. माय ऐकनार हाये का?" आईपुढं नांगी टाकायची त्याची सवयच होती मेल्याची. सण तोंडावर असताना घरात कटकट नको म्हणून वर्षालीनंही मोबाइल बाजूला ठेवला.

घट बसले त्या दिवशी नारळ फोडून पॉलिसी काढली. गंगूबाईंनी मोबाइलला कुंकूसुद्धा लावलं. मुहूर्ताची पॉलिसी! दसऱ्याला झेंडू हातोहात गेला, तर तोही त्यांना मुहूर्ताचाच गुण वाटला.

दिवाळीच्या तोंडावर मनोजला ताप भरला. डेंग्यू निघाला, प्लेटलेट भराभर घसरल्या, आणि ऐन धनतेरसला त्याला अकोल्याच्या दवाखान्यात आयसीयूत टाकावं लागलं. काउंटरवरच्या पोरीनं पॉलिसीची तारीख बघितली. "तीस दिवस भरले नाहीत मॅडम. अपघात असता तर बसलं असतं. संध्याकाळपर्यंत पैसे भरा."

वर्षाली वळली. पितरांपासून गिळलेलं सगळं तिच्या ओठावर आलं होतं. आज सासूला सोलून काढायची होती तिला. पण गंगूबाई नळाशी उभ्या होत्या, मनगटाला साबण लावून पाटल्या ओढत होत्या. कातडी सोलली तरी ओढत होत्या.

"चाल," त्या म्हणाल्या.

सराफ्यात जत्रा लोटली होती. जो तो सोनं घ्यायला आलेला. धक्के खात दोघी पुढं पोचल्या. दुकानदारानं पाटल्यांना हातही लावला नाही.

"आजी, आज मोडीचं सोनं घेत नाही. धनतेरस आहे, इतका चांगला दिवस! सण झाल्यावर या."

वर्षालीला हसू फुटलं. रडण्याहून वाईट हसू. "ऐकलं का आत्याबाई? दिवस चांगला हाये."

गंगूबाईंनी सोललेले हात काचेवर जोडले. "दिवसाले काय असते बाप्पा? तसं काही नसते. खोटं असते सारं. घे ना बाप्पा, पोरगा हाये माहा."

दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाला नाणं दाखवत होता.